माठातली बाटली

५ फेब्रुवारी १९८७, गुरुवार

काल आरोग्य केंद्रावर लस टोचण्याचा बुधवार. आमच्याकडे राहणारी नर्स सिंधू सकाळी आठला गेली ती दुपारी तीनला परत. चार पोरं आली म्हणे, चारही गावातली. वरच्या ठाकूरवाडीतलं एक नाही, खालच्या वाडीतलंही नाही. गोवराच्या लसीची एक बाटली दहा पोरांची असते. चौघांसाठी उघडली आणि सहा पोरांची लस ओतून दिली. ओतून दिली म्हणजे काय. दूध उतू गेलं तरी आपण सांडलेलं मांजराला ठेवतो.

आमच्या पडवीतल्या खोलीत ही मुलगी दीड वर्ष राहते आहे, पण एवढी गप्प कधी पाहिली नव्हती. ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीत गोवर आलाय. दोन पोरं गेली, एक वर्षाचं, एक अडीच. "काकू, गोवरानं नाही जात. मागनं छाती भरते, त्यानं जातात," एवढंच बोलली.

यांची कारखान्यात दुसरी पाळी. वाल सोलायचे राहिले. जप निम्मा.

७ फेब्रु., शनि.

वरच्या वाडीतली बुधी मोळी घेऊन आली. पाणी दिलं, कालच्या दोन भाकऱ्या दिल्या. पाठीला नात बांधलेली, नाव काळी. सव्वा वर्षाची असेल, डोळे मोठे, माझ्या बांगडीला हात घालते.

"काय गं, हिला घेऊन बुधवारी का नाही आलीस?"

"बुधवारी कुठं येऊ? आमी उजाडता रान गाठतो. सून शेलूला वीटभट्टीवर."

"मग बाजाराच्या दिवशी ये. तेव्हा खाली येतेसच की."

"बाजाराला डोक्यावर मोळी घेऊ का पोर घेऊ? दिवस बुडला का सगळी वाडी घरात आसते. तवा तुजी नर्सबाय कुठं आसते?"

म्हटलं, तिची वेळ ठरलेली असते गं.

"मंग आमची बी ठरलेली हाय."

हसत होती, पण मुद्दा खरा. शिवाय म्हणाली, पोर बरं असताना सुई कशाला, आणि भगत नको म्हणतो. भाकऱ्या पदरात बांधून गेली.

९ फेब्रु., सोम.

उपास. सिंधूला सांगितलं, तुम्ही बोलावता तेव्हा ती माणसं नसतात, ती असतात तेव्हा तुम्ही नसता. तुम्हीच वर जा, दिवेलागणीला.

ती म्हणाली, "मी जाईन हो. बर्फ कुठं येणारे माझ्याबरोबर?" केंद्रातला बर्फ दुपारपर्यंत पाणी होतो. लस सतत गारच राहायला हवी, नाहीतर टोचून न टोचून सारखंच.

बर्फाचं यांना विचारलं. पहिली पाळी असली की खोपोलीहून येताना कर्जत स्टेशनाजवळच्या सोडावाल्याकडून गोणपाटात, भुशात घालून आणता येईल.

"कारखान्यातून सुटलेला माणूस मी. आता बर्फाची गोणी पाठीवर घेऊ? लोक विचारतील, काय हो, घरात कोण गेलं?"

जेवण झाल्यावर स्वतःच म्हणाले, पुढच्या आठवड्यात पहिली पाळी आहे.

११ फेब्रु., बुध.

केंद्रावर आज पाच पोरं. डॉक्टर म्हणाले, वर जाऊन टोचता तर जा, पण नोंद चोख हवी. सिंधूचे दोन्ही हात सुईत गुंतणार, तर नावं मी लिहायची असं ठरलं. "काकू, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे." मॅट्रिकला शुद्धलेखनात पूर्ण मार्क होते, ते आज तीस वर्षांनी कामाला आले.

जुन्या कॅलेंडराच्या पाठकोऱ्या पानांची वही शिवली. रकाने आखले. नाव, बापाचं नाव, वय, कितवा नंबर.

१३ फेब्रु., पौर्णिमा

सिंधूबरोबर वरच्या वाडीत गेले. चढताना दोनदा बसले. पदू भगत अंगणात बांबूच्या कांब्या सोलत होता. त्यानं वर पाहिलं नाही. बुधीनं घोंगडी टाकली.

सिंधूनं जंतूंचं सुरू केलं. मी तिचा हात दाबला.

भगत म्हणाला, "गोवराची बाय येते ती पाव्हणी. आमी फोडणी देत नाय, केस इंचरत नाय, निंबाचा पाला लावतो, का तिनं राजी होऊन जावं. आन् तुमी दारातच दांडकं घेऊन उभ्या."

म्हटलं, "भगतबाबा, आमच्याकडे तेच करतात. माझ्या दोघा मुलांना गोवर आला तेव्हा नऊ दिवस मी फोडणी दिली नाही. पण ओढ्यापलीकडे ती आली आणि दोन लेकरं घेऊन गेली. तिथं काय फोडण्या चालल्या होत्या?"

बराच वेळ कांब्या सोलल्या त्यानं. मग विचारलं, "किती येळा टोचणार?"

"एकदाच."

"मागं तुमचा मानूस आलता तो बी एकदाच म्हनला. मंग दुसऱ्यांदा आला, मंग तिसऱ्यांदा. पोरं तापली तवा तोंड दाखवलं नाय. तू आईम्होरं बोल."

वाडीच्या वर करंजाखाली त्यांची देवी आहे, शेंदूर फासलेल्या दगडाचा तांदळा. भगतानं नारळ ठेवला. मी हात ठेवून बोलले, या वाडीच्या लेकरांना गोवराची सुई एकदाच, परत टोचणार नाही. पदर पसरून पाया पडले. सिंधू लांब उभी.

उतरताना म्हणाली, "काकू, शपथ कशाला घेतलीत?"

"एकदाच असते ना?"

"असते."

"मग?"

ती भराभर पुढे उतरू लागली. माझंही मन उगाच खालीवर. आईला खोटं थोडंच बोलले आहे.

१८ फेब्रु., बुध.

खालची वाडी झाली. यांनी बर्फ आणला, लादी अर्धी विरघळून शर्ट कमरेपर्यंत ओला. सोडावाल्यानं विचारलं म्हणे, घरी लग्न का.

तेवीस पोरं. दिवे लागायच्या वेळी सुरू केलं. रडारड, कोंबड्या, एक बाई म्हणे माझ्या पोराला आधी, त्याला झोप येते. सिंधूचा हात भराभर चालतो. बाटलीत पूड असते, ती पातळ करायची आणि मग टोचायची. तीन बाटल्या लागल्या. तिसरीतली तिघांना दिली, सात पोरांची उरली.

घरी आल्यावर म्हणाली, "उरलेली मोरीत ओता काकू, बाटल्या फोडून पुरून टाका." आणि तशीच आडवी झाली. दोन बाटल्या फोडून पुरल्या. तिसरी हातात धरून उभी राहिले. सात लेकरांची. सरकारचं आहे म्हणून काय झालं, कुणीतरी खपून केलेलं असेल ना. नियम असतील त्यांचे, सरकारी माणसाला फेकायला काय. वाळूत ठेवलेल्या माठात दूध दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतं माझं, उन्हाळ्यातसुद्धा. बाटली फडक्यात गुंडाळून माठात सोडली.

१९ फेब्रु., गुरु.

वरची वाडी. देवा, किती माणसं. तीस पोरं धरून चाललो होतो, सदतीस निघाली. भट्टीवरनं दोघी मजुरी बुडवून आल्या होत्या. भगत खाटेवर बसून शेवटपर्यंत पाहत होता. सिंधूनं गर्दी बघून तीन बाटल्या एकदमच पातळ करून बर्फात ठेवल्या. चौथी फ्लास्कात होती.

तिसावं पोर झालं. शेवटच्या सातांत बुधीची काळी, चांगोचा धाकटा आणि भगताचा नातू. सिंधूच्या मांडीवर चांगोचा धाकटा हातपाय झाडत होता, ती मान न वळवता म्हणाली, "काकू, बाटली."

फ्लास्कातली काढणार होते. मग पिशवीतली आठवली, कालची, निघताना माठातून ओल्या फडक्यासकट उचललेली. कालचं आधी संपवायचं, मग आजचं. घरात इतकी वर्षं तेच करत आले. तीच धरली. सात पोरांना बरोबर पुरली, थेंब वाया नाही.

चौथी बाटली जशीच्या तशी परत. दहा लेकरांच्या कामी येईल. उतरताना पाय दुखले नाहीत. बुधीनं टॉर्च धरून ओढ्यापर्यंत सोडलं.

साठ पोरं दोन दिवसांत. मी आज तृप्त आहे. कुणाला म्हणायचं नाही, इथं लिहिते.

२० फेब्रु., शुक्र.

सकाळी सिंधू फ्लास्क रिकामा करत होती. चौथी बाटली हातात घेऊन बघत राहिली. "ही कशी उरली? चार फोडल्या की मी."

मी चहा गाळत होते. हसत सांगितलं, सगळं. माठाचंही.

ती उंबऱ्यावर बसली.

"काकू, ती लस नव्हती. पातळ केली की चार तासांत मरते ती, बर्फात ठेवली तरी. ते नुसतं पाणी टोचलं आपण. पाणी असलं तर नशीब."

"म्हणजे?"

"उघड्या बाटलीत घाण वाढते. गळू होतं. ताप चढतो."

म्हटलं, माझ्या माठात दूध टिकतं गं. म्हणाली, "दूध नाही हो ते." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

वही काढली. एकतीस ते सदतीस, सात नावं. माझ्याच छापल्यासारख्या अक्षरात.

ती म्हणाली, "तीन एकदम पातळ केल्या ती माझी चूक. मोजल्या नाहीत ती माझी चूक." मे महिन्यात तिच्या कायम होण्याचे कागद आहेत. मी विचारलं, कुणाला सांगायचं नाही का? म्हणाली, "मी काहीच म्हणत नाही. माझं डोकं चालत नाही." चहा तसाच ठेवून ड्यूटीवर गेली.

२१ फेब्रु., शनि.

पूजा केली. देवांना आंघोळ घातली, गंध लावलं, आणि अन्नपूर्णेला दोनदा. जप चुकला, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चुकला. माळ ठेवून दिली.

वर जाऊन सांगायचं तर आईच्या पुढ्यातली शपथ मोडते. परत टोचणार नाही असं मीच बोलले. सांगायचं नाही तर सात लेकरं उघडी. आणि गोवर वर चढला तर? लोक म्हणणार, सुईनंच आणला. पुढे त्या वाडीत कुणी सुई घेऊन जाऊ शकायचं नाही.

कुणाला कळणार आहे, असंही आज मनात आलं. लिहून ठेवते, म्हणजे आलं नव्हतं असं पुढे मला म्हणता येणार नाही.

भात करपला.

२३ फेब्रु., सोम.

सिंधूबरोबर केंद्रावर गेले. डॉक्टरांना मीच आधी सांगितलं. ऐकून चष्मा काढला. "आपण कोण? केंद्रात नेमणूक काय आपली?"

"मी नावं लिहिते."

"मग नावंच लिहायची होती."

सिंधूला म्हणाले, लेखी खुलासा द्या. बाहेरच्या बाईच्या हातात लस कशी दिलीत. ती मान खाली घालून हो हो. मी मध्ये बोलायला गेले तर हातानंच थांबवलं. मग जरा वेळानं, "खुलासा राहू द्या बाजूला. ती सात पोरं परत टोचा. गोवर तिथं पोचायच्या आत. कुणाचा हात सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी इथं आणा."

परत येताना सिंधू म्हणाली, "टोचा म्हणणं सोपं आहे. शपथ तुम्ही घेतलीय."

२४ फेब्रु., मंगळ.

पत्रावळ्यांची चौकशी करायच्या निमित्तानं वर गेले. खरं म्हणजे हात बघायला. काळी ठीक. भगताचा नातू ठीक, कोंबडीमागे पळतोय. चांगोच्या धाकट्याचा दंड लाल, सुपारीएवढी गाठ. आईनं हळद लावलीय. "वैनी, सुई लागू पडली बग," म्हणाली.

सांगायला तोंड उघडलं आणि पत्रावळ्यांचा भाव विचारला. नको असलेल्या पन्नास पत्रावळ्या घेऊन खाली आले.

सिंधूला सांगताच ती मलम आणि गोळ्या घेऊन धावत वर.

२६ फेब्रु., महाशिवरात्र

चांगोच्या धाकट्याची गाठ बसतेय. ताप नाही. देवाची कृपा, नाहीतर सिंधूची.

खालच्या वाडीत एका सहा वर्षांच्या मुलीला पुरळ आलं. टोचायच्या वयाच्या वरची होती ती. म्हणजे गोवर ओढा ओलांडून आला. खालच्या वाडीपासून वरची अर्ध्या तासाच्या चढावर, आणि पोरं दिवसभर एकमेकांत.

शंकराच्या देवळात गेले. बेल वाहिला. हे बाहेर चपला राखत होते. "काय मागितलंस?"

"काही नाही."

"सिस्टर जायचं म्हणतेय सांगायला. तिला जाऊ देऊ नकोस. ती नोकरीवाली. तिनं सांगितलं तर सरकार बोललं. शपथ तुझी आहे."

इतक्या वर्षांत या माणसानं देवाधर्माच्या गोष्टीत तोंड घातलं नव्हतं.

२७ फेब्रु., शुक्र.

एकटी गेले. भगताला म्हटलं, आईपाशी चला, आणि त्या सात जणांच्या घरच्यांना बोलवा. पाच घरची आली. बुधी आली, काळी पाठीला.

बसून सांगितलं. काही झाकलं नाही. माठ, फडकं, चौथी बाटली. सुईत जीव नव्हता, लेकरांना परत टोचायला हवं, आणि परत टोचणार नाही असं मी आईला बोलून बसले आहे. सांगताना आईकडे बघवेना, भगताकडे बघवेना, म्हणून करंजाच्या मुळाकडे बघत बोलले.

मग भगत, "माजा नातू त्यात हाय?"

"आहे."

"चौथी बाटली तुज्यापाशी होती. नवी."

"होती."

"आन् जुनी दिलीस."

चांगोची बायको म्हणाली, "म्हनून गाठ आली त्याला." म्हटलं, हो. ती उठून गेली.

बुधी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, नवल वाटल्यासारखी. "वैनी, शिळी भाकर देतेस ती आमी खातो. कदी बोललो नाय. सुई बी शिळीच?"

मी काटकसर म्हणून केलं, माझ्या घरात मीही शिळंच खाते, हे सगळं खरं आहे. पण गावातल्या पाटलांचा नातू त्या रांगेत असता तर मी ती बाटली काढली असती का, हे बुधीनं विचारलं नाही. मी विचारतेय.

भगतानं कौल लावला. तांदळ्याच्या दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर टोचा, डावं पडलं तर नाही. ऊन कलेपर्यंत बसलो. एकही पडलं नाही.

"आई बोलत नाय," तो म्हणाला. "तुजी शपत तुज्यापाशी. तिचं काय ते तू फेड. पोरांचं ज्याचं त्यानं बघावं."

उतरताना कुणी सोडायला आलं नाही.

१ मार्च, रवि.

काही नाही. वरून कुणी आलं नाही. सिंधू रोज सकाळी केंद्रातून बर्फ आणि एक बाटली आणते, संध्याकाळी न उघडलेली परत करते. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बघा. यांची पाळी कुठलीही असो, येताना न सांगता बर्फ घेऊन येतात.

आई, शपथ मोडायची तर माझी मोड. असं म्हणायचा मला हक्क आहे का, ठाऊक नाही. दूध सोडलं आजपासून. कितीपर्यंत ते ठरवलं नाही.

३ मार्च, मंगळ.

दिवेलागणीला पदू भगत पायरीशी उभा. खांद्यावर नातू. माझ्याशी बोलला नाही. सिंधूला म्हणाला, "बाटली माज्या म्होरं फोड."

तिनं सीलबंद बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं उजेडात धरून फिरवून बघितली, वास घेतला, परत दिली. तिनं त्याच्यासमोर पातळ केली. नातवानं सिंधूच्या हाताला चावा घेतला. भगत पहिल्यांदा हसला, "ठाकराचा हाय."

त्याच्या मागून, म्हणजे अर्ध्या तासानं, तिघी आल्या. त्याला बघून आल्या की आधीच निघाल्या होत्या, कळलं नाही. चौघं झाली. उरलेली लस सिंधूनं माझ्यासमोर ओतली. बाटली माझ्या हातात दिली नाही, स्वतः फोडून पुरली. मला वाईट वाटलं नाही. वाटलं, पण थोडं.

५ मार्च, गुरु.

सकाळी चांगोची बायको आली. धाकट्याचा दुसरा दंड पुढे केला. "ह्या हाताला दे. त्या हाताला वैनीची हाय." हसली का, मी पाहिलं नाही. तिच्याबरोबर सहावंही आलं, कडेवर, नाव भीमा.

सहा झाली. काळी राहिली.

बुधी आता आमच्याकडे मोळी टाकत नाही. दारावरून जाते, सुताराकडे टाकते. काल हाक मारली, "बुधी, जरा थांब." म्हणाली, "उशीर झाला." सिंधूला दोनदा वर पाठवलं. बुधी म्हणते, सून भट्टीवर, मी कोण ठरवणार. आणि, वैनी आईम्होरं बोलली होती.

खालच्या वाडीत तीन मोठ्या पोरांना गोवर. टोचलेल्या तेवीसांत अजून एकालाही नाही. वरच्या वाडीत भगताच्या शेजारच्या घरात काल निंबाचा डहाळा लागला. आठ वर्षांचा मुलगा.

सिंधूचा खुलासा वरच्या ऑफिसात गेला. उत्तर नाही.

७ मार्च, शनि.

आत्ता अकरा वाजून गेले. लिहितेय कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

बुधी आली आहे. ओसरीच्या पायरीवर बसलीय, काळीला घेऊन. मोळी नाही. उद्या पोरीला शेलूला सुनेकडे नेऊन सोडणार, शिमग्याला सगळी एकदमच परत येतील. शिमगा आठवड्यावर. तोवर भट्टीवर, तिथं कुठल्या कुठल्या गावची माणसं, आणि गोवर तिथंही आहे म्हणतात.

मी म्हटलं, सिंधू केंद्रावर बाटली आणायला गेलीय, अर्ध्या तासात येईल.

"मी सुईसाठी नाय बसली."

"बरं."

"ऊन लागलं म्हनून बसली. उतरलं का जाईन."

पाणी दिलं, तिनं घेतलं. मी आत आले, परत बाहेर गेले. विचारलं, "काय ठरवलंयस?"

"आई बोलली नाय. भगतानं नेलं त्याचं पोर. त्याचा भगतपना त्याला सांभाळंल. माजं कोन सांभाळंल?" मग, "तू त्या दिवशी खोटं बोलली आसतीस तर आमाला काय कळलं नसतं."

"नसतं."

"मंग कशाला बोललीस?"

काळी रांगत माझ्याकडे आली. बांगडीला हात घातला. डोळे पाणावलेले, नाक वाहतंय. बुधी म्हणाली, वाटेवरची धूळ. गोवराच्या आधी तीन दिवस असंच सुरू होतं, सिंधूनं मला सांगितलंय. सर्दीतही असंच असतं. तोंडात गालाच्या आत पांढरे ठिपके बघतात म्हणे, सिंधूला बघता येतं, मला नाही. मी तोंड उघडून पाहिलं, मला काही दिसलं नाही. बुधी बघत होती मी काय बघते ते.

हे रातपाळीहून येताना आणलेला बर्फ ठेवून झोपलेत. फ्लास्क बाहेर काढून ठेवलाय. ऊन अजून अंगणाच्या मध्यावर आहे.

पोरीनं माझा अंगठा धरून ठेवला होता. तळहात गरम लागला. चढउतारानं, उन्हानंही लागेल. बुधी उठलेली नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत दोनदा जाऊन आले, सिंधू दिसत नाही.